जळ्ळी मेली डीव्हीडी!

घरात पडून असलेल्या हॅंडीकॅमच्या कॅसेट्सची डीव्हीडी करायचीय? सॉफ्टवेअर ढिगानं मिळतील. पण निवडताना प्रश्न एकच विचारायचा : हे माझ्या शूटिंगला किती कमी हात लावतं?

ती पिशवी तुमच्याही घरी असणार, लावा पैज! कपाटाची सगळ्यात वरची फळी, हिवाळ्यातल्या रजया आणि त्यामागे एखाद्या साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी. आत काडेपेटीपेक्षा जराशा मोठ्या दहा-पंधरा कॅसेट्स. कुणीतरी बॉलपेननं लिहिलेलं 'दादाची मुंज', 'माथेरान २००३', 'डोहाळजेवण', आणि एकीवर नुसतंच 'इम्पॉर्टंट'. शेजारी चार्जर हरवलेला हॅंडीकॅम. (हॅंडीकॅम हे खरं तर सोनीनं आपल्या कॅमकॉर्डरला दिलेलं नाव. पण झेरॉक्ससारखं आपण ते सगळ्या कंपन्यांना चिकटवून टाकलं.)

आज पंचविशी-तिशीत असलेली आपली सगळी पब्लिक त्या पिशवीत बंद आहे. फोनमध्ये कॉफीच्या कपाचे चारशे फोटो असतील, पण पहिल्यांदा सायकल चालवताना धप्पकन पडलो, तेव्हा आई काय ओरडली, ते फक्त तिथेच आहे. आणि ती पिशवी हळूहळू मरतेय. चुंबकीय फीत म्हणजे काही तांब्याचं भांडं नव्हे, की माळ्यावर टाकलं आणि पन्नास वर्षांनी चिंच लावून घासलं! दमट हवेत फितीला बुरशी लागते. तिच्यावरचा सिग्नल क्षीण होत जातो. आणि त्याहून वाईट म्हणजे, ती वाजवणारी मशिन्स कमी होत चाललीत. मिनीडीव्ही हा फॉरमॅट १९९५ मध्ये आला. पुढे मेमरी कार्ड आलं, मग स्मार्टफोन आला, आणि टेपवाले कॅमेरे बनणंच थांबलं. म्हणजे घड्याळ दोन बाजूंनी टिकटिकतंय. एक कॅसेटचं, दुसरं कॅमेऱ्याचं.

पण डीव्हीडीच का?

हा प्रश्न मला बाबांपासून ऑफिसातल्या मित्रांपर्यंत सगळ्यांनी विचारला. "अगं, पेन ड्राइव्हवर टाक ना! क्लाउडवर चढव! डीव्हीडी लावतंय कोण आता?"

लावतंय की. माझी आजी लावते. सांगलीला तिच्या टीव्हीखाली डीव्हीडी प्लेयर आहे, आणि त्याच्या रिमोटवरच्या 'प्ले' बटणावर मावशीनं लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवलाय. आजीचं सगळं तंत्रज्ञान त्या ठिपक्यापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. पासवर्ड नाही, ओटीपी नाही, 'स्टोरेज फुल' नाही. डबी उघडायची, डिस्क ठेवायची, ठिपका दाबायचा. तिच्यासारखे खूप जण घराघरांत आहेत. त्यांच्या हातात देता येईल अशी वस्तू म्हणून डीव्हीडीला आजही तोड नाही.

पण एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात फिट करून घ्या. डीव्हीडी ही बघायची प्रत आहे, जपायची नाही. मिनीडीव्ही कॅसेटवरचा एक तास कॉम्प्युटरवर जसाच्या तसा उतरवला, तर साधारण १३ जीबी होतो. नेहमीच्या डीव्हीडीवर मावतात ४.७ जीबी. म्हणजे डीव्हीडी करताना काहीतरी काढून टाकावंच लागतं. ते काढून टाकण्याचं काम सॉफ्टवेअर करतं. म्हणून तर निवड इतकी महत्त्वाची!

स्टुडिओवाला आणि बासरी

आता आमचा किस्सा ऐका. आमच्या पिशवीत चौदा कॅसेट्स. बहुतेक शूटिंग आजोबांनी केलेलं. न्यू जर्सीच्या मामानं २००२ च्या सुट्टीत येताना कॅमेरा आणला, वापरायचा कसा ते शिकवलं, आणि तिथून पुढे आजोबा घरचे अधिकृत कॅमेरामन. त्यामुळे चौदा कॅसेट्समध्ये आजोबा दिसतात असे क्षण जवळजवळ नाहीतच. ते कायम कॅमेऱ्याच्या मागे. पण ऐकू मात्र सतत येतात! "हे बघा, हा आपला नवा कलमी आंबा... ए चिमणे, बाजूला हो, आंबा दिसू दे." ती चिमणी म्हणजे अस्मादिक, तेव्हा इयत्ता पहिली.

आजोबा २०११ मध्ये गेले. त्याआधी, २००९ मध्ये, घरच्यांनी यातल्या चार कॅसेट्स एका फोटो स्टुडिओत दिल्या होत्या. तिथून एक चकचकीत डीव्हीडी आली. वर गुलाबांचं चित्र, आत फिरणाऱ्या हृदयांचा मेनू, कोपऱ्यात स्टुडिओचं नाव. आणि अख्ख्या चार तासांवर? बासरी! मधूनमधून एखादं हिंदी गाणं. मूळ आवाज साफ उडवलेला. लग्नाच्या व्हिडिओला चालतं तसं इथंही केलेलं. त्या काळात यालाच 'फिनिशिंग' म्हणायचे.

घरी कुणी तक्रार केली नाही, कारण तेव्हा आजोबा शेजारच्या खुर्चीतच बसले होते. स्वतःच्या आवाजाशिवाय स्वतःचं शूटिंग बघत. आज त्या डिस्कवर आंबा आहे, मी आहे, अंगण आहे. आजोबा नाहीत. जो माणूस चित्रात नव्हताच, तो आवाज पुसल्यावर उरणार कुठे?

नशीब, कॅसेट्स कुणी फेकल्या नव्हत्या. म्हणून या वेळी सगळं काम घरीच करायचं ठरलं. आणि मी सॉफ्टवेअर शोधायला बसले.

आधी कॅसेट, मग डिस्क

सॉफ्टवेअरच्या आधी एक पायरी आहे. कॅसेटमधलं शूटिंग कॉम्प्युटरमध्ये आणणं, म्हणजे कॅप्चर. कॅसेट मिनीडीव्ही किंवा डिजिटल-८ असेल तर तुम्ही लकी! फितीवर माहिती आधीच डिजिटल आहे, तिची फक्त नक्कल करायची. त्यासाठी फायरवायरची केबल लागते. कॅमेऱ्यावर 'डीव्ही' किंवा 'आय-लिंक' लिहिलेलं छोटं भोक दिसेल, तेच ते. शेजारच्या यूएसबीच्या मोहात पडू नका. त्या जमान्यातल्या कित्येक कॅमेऱ्यांत यूएसबी फोटो काढून घेण्यासाठी नाहीतर हलक्या दर्जाच्या व्हिडिओसाठी असायचं.

नव्या लॅपटॉपला फायरवायर नसतं. मॅकवाल्यांसाठी तर आणखी वाईट बातमी : ॲपलनं २०२५ च्या मॅकओएस टाहोमधून फायरवायरचा सपोर्टच काढून टाकला. उपाय जुनाच बरा. नातेवाइकांत किंवा मित्रांत कुणाकडे तरी फायरवायरचं भोक असलेला दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप धूळ खात पडलेला असतो. तो मागा. केबलसाठी पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. तिथे वरच्या खोक्यातून काय काय निघेल सांगता येत नाही!

कॅप्चरसाठी विनडीव्ही नावाचं चिमुकलं फुकट सॉफ्टवेअर आहे. दिसायला अगदीच गरीब, पण कॅसेटवर जे आहे तेच हार्ड डिस्कवर ठेवतं, एक थेंबही इकडेतिकडे नाही. एका तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो, शॉर्टकट नाही. हाय-८ किंवा व्हीएचएस असेल तर सिग्नल ॲनालॉग. तिथे पिवळी-पांढरी-लाल वायर आणि यूएसबी कॅप्चर डिव्हाइस लागतं. (डिजिटल-८ चे बरेच कॅमेरे जुन्या हाय-८ कॅसेट्सही वाजवतात आणि थेट फायरवायरमधून बाहेर काढतात. कुणाकडे असला तर सोडू नका.)

कॅप्चर झालेल्या या मोठ्या फाइल्स म्हणजे तुमचं मूळ. त्यांच्या दोन प्रती, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दोन वेगळ्या घरांत. हे झालं की निम्मी लढाई जिंकलात.

जाळणाऱ्यांचा इतिहास

"बर्न करायचं म्हणजे काय गं?" आजीनं फोनवर विचारलं. म्हटलं, आजी, लेसरनं डिस्कवर खुणा उमटवतात, त्याला बर्न म्हणतात. "जाळायची? जळ्ळी मेली तुमची डीव्हीडी! यांचा आवाज येतोय ना, तेवढं बघ."

अख्ख्या प्रोजेक्टचं स्पेसिफिकेशन तिनं एका वाक्यात दिलं.

एके काळी या धंद्याची फार चलती होती. जर्मनीतल्या कंपनीनं १९९७ मध्ये 'नीरो बर्निंग रॉम' काढलं. रोम जळत असताना वाजवत बसलेल्या नीरोवरची कोटी. लोगोत जळणारं कलोसियम! कॉलेजच्या हॉस्टेलांत 'नीरो मार' हे क्रियापदच झालं होतं. ॲपलनं २००१ मध्ये आयडीव्हीडी आणलं, मायक्रोसॉफ्टनं व्हिस्टासोबत २००७ मध्ये विंडोज डीव्हीडी मेकर. युलीड, रॉक्सिओ, ॲडोबी एन्कोअर... रांगच लागली होती.

मग वारं फिरलं. २०११ पासून ॲपलनं नव्या मॅकवर आयडीव्हीडी देणं थांबवलं. विंडोज डीव्हीडी मेकर विंडोज ८ मध्ये गायब झालं. ॲडोबीचं एन्कोअर सीएस६ च्या पुढे गेलंच नाही. म्हणून आज तुम्ही शोधायला बसाल तेव्हा चित्र असं दिसेल : एकीकडे पैसे देऊन घ्यायची भली मोठी पॅकेजेस, दुसरीकडे काही जुनी, साधी, फुकट सॉफ्टवेअर. आणि मधे 'वन क्लिक'वाल्या जाहिरातींची जत्रा.

इथे एक फंडा क्लिअर करून घ्या. कामं दोन वेगळी आहेत. पहिलं ऑथरिंग : तुमच्या व्हिडिओचं एमपेग-२ मध्ये रूपांतर करून, चॅप्टर पाडून, प्लेयरला कळेल अशी मांडणी करणं. दुसरं बर्निंग : तयार मांडणी डिस्कवर लिहिणं. नुसती एमपी४ फाइल डिस्कवर कॉपी केली तर ती होते डेटा डीव्हीडी. लॅपटॉपवर चालेल, पण जुन्या प्लेयरमध्ये टाकली की तो मख्खासारखा बघत राहील. त्याला हवं असतं 'व्हिडिओ-टीएस' नावाचं फोल्डर आणि त्यातल्या व्हीओबी फाइल्स. म्हणून बर्निंग सॉफ्टवेअर एकटं पुरत नाही, ऑथरिंगवालं लागतंच.

सॉफ्टवेअरची मुलाखत

जाहिरातीत मेनूच्या शंभर डिझाइन्स दाखवतात. तिकडे ढुंकूनही बघू नका. मी प्रत्येक सॉफ्टवेअरला हे पाच प्रश्न विचारले :

१. कॉम्प्रेस किती वेळा करणार?
उत्तर 'एकदाच' असायला हवं. कॅसेटची डीव्ही फाइल सरळ आत घेऊन तिचं थेट एमपेग-२. काही जण आधी एमपी४ करतात, मग एडिट करून पुन्हा एमपी४, मग डीव्हीडी. ही झेरॉक्सची झेरॉक्स! प्रत्येक फेरीत चेहरे मेणासारखे होत जातात. आणि जर तुमचा कॅमेरा छोट्या डिस्कवर किंवा हार्ड डिस्कवर एमपेग-२ मध्येच रेकॉर्ड करणारा असेल, तर पुन्हा कॉम्प्रेस न करता तीच फाइल वापरणारं सॉफ्टवेअर बघा.

२. डिस्कवर किती वेळ भरायचा, ते मला ठरवू देणार?
गणित सातवीचं आहे. ४.७ जीबी जागा एका तासाला वाटली तर सेकंदाला साधारण १० मेगाबिट वाट्याला येतात. डीव्हीडीवर व्हिडिओची कमाल मर्यादाच ९.८ आहे, म्हणजे एक तास एकदम झक्कास. दोन तासांना ५ च्या आसपास, चालतं. चार तास कोंबले तर जेमतेम अडीच. मग अंगणातला आंबा म्हणजे हिरवे चौकोन! स्टुडिओवाल्याच्या डिस्कवर नेमकं हेच झालं होतं. साधा नियम ठेवा : एका डिस्कवर एक तास, फार तर दोन. (रिकामी डिस्क विंडोजमध्ये ४.३८ जीबी दिसते. घाबरू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे.)

३. पाल की एनटीएससी?
ज्यांचे मामा-काका अमेरिकेत, त्यांच्यासाठी हा प्रश्न फार मोलाचा. भारतात टीव्हीची पद्धत पाल : सेकंदाला २५ फ्रेम्स, ५७६ ओळी. अमेरिकेत एनटीएससी : जवळजवळ ३० फ्रेम्स, ४८० ओळी. अमेरिकेतून आणलेला कॅमेरा सांगलीच्या अंगणातही एनटीएससीच रेकॉर्ड करतो. सॉफ्टवेअरमध्ये डोळे मिटून 'पाल' निवडलं, तर ते फ्रेम्स गाळणार, ओळी ताणणार, आणि चालणारी माणसं अडखळत चालणार. जे मूळ आहे तेच ठेवा. आपल्याकडचे बहुतेक डीव्हीडी प्लेयर दोन्ही वाजवतात. हा पर्याय निवडूच न देणारं सॉफ्टवेअर? बाय बाय!

४. ओळींचा क्रम बिघडवणार का?
कॅमकॉर्डर एक फ्रेम दोन हप्त्यांत टिपतो : एकदा विषम ओळी, एकदा सम. याला इंटरलेसिंग म्हणतात. डीव्ही फॉरमॅटमध्ये खालचा हप्ता आधी येतो, आणि हा क्रम सॉफ्टवेअरला माहीत असावा लागतो. उलटा पडला तर हलणारी प्रत्येक गोष्ट थरथरते. 'डीइंटरलेस'चा पर्याय दिसला तर डीव्हीडीसाठी तो बंद. ते काम टीव्हीचं.

५. आवाजाचं काय करणार?
माझ्यासाठी हा शेवटचा आणि सगळ्यात मोठा प्रश्न. 'बॅकग्राउंड म्युझिक ॲड करा' असं प्रेमानं सुचवणारी सॉफ्टवेअर कमी नाहीत. काही 'नॉइज रिडक्शन' मारून पंख्याची घरघर काढतात आणि त्यासोबत हळू बोलणाऱ्या माणसाचे शब्दही खातात. आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये किंवा पीसीएममध्ये जाऊ द्या, बाकी हात लावू नका. पंख्याची घरघर राहिली तर राहू दे. तोही आपल्याच घरचा पंखा आहे.

मग जिंकलं कोण?

पाचही प्रश्नांत माझ्याकडे पास झालं ते डीव्हीडीस्टायलर. फुकट, ओपन सोर्स, विंडोजवर चालतं आणि लिनक्सवरही. नवा प्रोजेक्ट उघडतानाच डिस्कची साइज, पाल की एनटीएससी, बिटरेट, आवाजाचा फॉरमॅट, सगळं विचारतं. दर अमुक मिनिटांनी चॅप्टर पाडता येतात, आणि फाइल आधीच नियमात बसणारी असेल तर पुन्हा कॉम्प्रेस न करता तशीच घेता येते. मेनू करायला बसलात तर पहिल्या तासात थोडा डोक्याला शॉट होतो. पण मेनू साधाच ठेवायचा असला, तर सोपं.

फक्त विंडोज असेल आणि मेनू नकोच असेल, तर डीव्हीडी फ्लिक. फाइल्स टाका, 'नो मेनू' ठेवा, संपलं. नवी आवृत्ती २००९ नंतर आलेली नाही, तरी काम नेटकं. आपला कॉम्प्युटर जुना असेल तर बरंच! बर्निंगसाठी इमगबर्न, त्याचीही शेवटची आवृत्ती २०१३ ची, पण डिस्क लिहून झाल्यावर ती बरोबर लिहिली गेली का, ते पडताळून बघतं. ते नको असेल तर विंडोजमध्येच आयएसओ फाइलवर राइट क्लिक करून 'बर्न डिस्क इमेज' करता येतं.

पैसे देऊन घ्यायचं झालं तर नीरो किंवा रॉक्सिओची पॅकेजेस. एडिटिंग, मेनू, बर्निंग सगळं एका छताखाली, आणि अडलं तर विचारायला कंपनी. ज्यांना सेटिंग्जचं टेन्शन नको त्यांनी जरूर घ्यावं. पण आधी ट्रायल आवृत्तीवर आपल्याच कॅसेटची दोन मिनिटं टाकून वरचे पाच प्रश्न विचारा. कोपऱ्यात वॉटरमार्क उमटतोय का, तेही बघा.

आणि हो, फुकट सॉफ्टवेअर उतरवताना ते मूळ साइटवरूनच घ्या. इन्स्टॉल करताना डोळे झाकून 'नेक्स्ट, नेक्स्ट' करू नका. मधल्या एखाद्या पानावर गुपचूप टिक केलेला पाहुणा तुमच्या कॉम्प्युटरमध्ये मुक्कामाला येऊ शकतो.

बर्न करा, पण दमानं

- सरळ डिस्क जाळू नका. आधी आयएसओ फाइल बनवा आणि ती व्हीएलसी प्लेयरमध्ये लावून बघा. चूक इथेच सापडली तर डिस्क वाचते.
- पहिली चाचणी पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर. मात्र ज्या प्लेयरमध्ये शेवटी लावायची आहे तो आरडब्ल्यू वाचतो का, ते बघून घ्या.
- जुन्या प्लेयरसाठी डीव्हीडी-आर (मायनसवाली) सहसा जास्त भरवशाची.
- स्पीड कमाल ठेवू नका. १६एक्स लिहिलेल्या डिस्कवर ८एक्स पुरे.
- 'फायनलाइज' विसरू नका. त्याशिवाय दुसरा प्लेयर डिस्क ओळखणारच नाही. छोट्या डिस्कवाल्या कॅमकॉर्डरचंही तेच. त्याच्या डिस्क आधी त्याच कॅमेऱ्यात फायनलाइज कराव्या लागतात.
- कोऱ्या डिस्क ताज्या घ्या. आपली मोझर बेअर आठवते? ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली. तिचा जुना माल कुणी स्वस्तात देत असेल, तर नमस्कार करून पुढे चला. कोऱ्या डिस्कमधला रंगाचा थर सेंद्रिय असतो. ऊन, उष्णता आणि दमट हवेत तो खराब होतो.
- कागदी लेबल चिकटवू नका. त्यानं डिस्कचा तोल जातो. डिस्कसाठीच्या मार्करनं वरच्या बाजूला नाव आणि वर्ष, बस्स.

लाल ठिपका

आमच्या पहिल्या डिस्कवर मेनू ठेवलाच नाही. आजीला बाण दाबत बसायला लावायचं नव्हतं. डिस्क आत गेली, ठिपका दाबला की चित्र सुरू. दर पाच मिनिटांनी एक चॅप्टर, म्हणजे काही पुन्हा बघायचं असेल तर मावशीला एका बटणात मागे जाता यावं. एक कॅसेट, एक डिस्क. मूळ फाइल्सचा एक संच पुण्यात बाबांकडे, दुसरा न्यू जर्सीला मामाकडे.

दिवाळीत डिस्क लावली तेव्हा आजी टीव्हीकडे बघतच नव्हती. भाऊबिजेच्या करंज्या डब्यात भरत होती. "ए चिमणे, बाजूला हो," असं आलं, आणि हात थांबला. मग तिनं टीव्हीलाच उत्तर दिलं, "अहो, पोरीला कशाला ओरडताय?" घरात कुणी काही बोललं नाही. करंज्या तशाच राहिल्या. तास संपल्यावर तिनं स्वतः उठून ठिपका पुन्हा दाबला.

चित्र पाहायला गेलं तर सुमारच आहे. कॅमेरा हलतो, आंबा अर्धा फ्रेमबाहेर, उन्हात रंग फिके. सॉफ्टवेअरनं त्यात काडीची सुधारणा केली नाही. याचसाठी तर ते निवडलं होतं!

तर मंडळी, या रविवारी ती पिशवी खाली काढा. सगळ्या कॅसेट्स एकदम करायचा संकल्प सोडू नका. तो जानेवारीतल्या जिमसारखा होतो. एकच कॅसेट निवडा. आता प्रश्न पडेल, पहिली कुठली? मुंज? माथेरान? तो 'इम्पॉर्टंट' लिहिलेला डबा? सोपं आहे. जिच्यात बोलणारं माणूस आता फोन उचलणार नाही, ती.